लहान मुलांचे समूहगायन : हरिपाठाच्या रांगेपासून शाळेच्या मंचापर्यंत

तीन ते सात वर्षांच्या मुलांनी एकत्र गाणे ही गोष्ट महाराष्ट्रात गावोगाव रोज घडते, पण तिचा मुद्दाम विचार फार थोड्या ठिकाणी होतो. अंगणवाडीत ताई बडबडगीत सुरू करतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत परिपाठाला राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि प्रार्थना होते. संध्याकाळी देवळात हरिपाठाला आजोबांचे बोट धरून आलेले पोर टाळ हातात घेते, आणि वर्षातून एकदा स्नेहसंमेलनात तेच पोर मंचावर उभे राहते. गळा तोच आणि कानही तोच असतो, पण प्रत्येक ठिकाणी मोठ्यांची अपेक्षा निराळी असते. कुठे पाठांतर हवे असते, कुठे शिस्त, कुठे भक्ती, तर कुठे टाळ्या. या सगळ्यांत मुलाला स्वतःचा आवाज ऐकू येतो का, हा प्रश्न सहसा मागे राहतो. लहान मुलांच्या समूहगायनाचा विचार मात्र याच प्रश्नापासून सुरू करावा लागतो.

उदाहरणच घ्यायचे तर, बीड तालुक्यातील नेकनूर हे बालाघाटाच्या पठारावरचे, मांजरसुंबा ते केज रस्त्यावरचे मोठे गाव. वारकरी मंडळींना ते बंकटस्वामी महाराजांमुळे ठाऊक आहे. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तिथे कीर्तन-प्रवचनाचे पद्धतशीर शिक्षण उभे करणाऱ्या पहिल्या पिढीत बंकटस्वामींचे नाव घेतले जाते. पुढे भगवानगडाचे संस्थापक भगवानबाबा आळंदीत त्यांच्याच हाताखाली शिकले. नेकनूरला बंकटस्वामींच्या नावाचे संस्थान आहे. जवळच कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे आणि कार्तिकातल्या यात्रेत तिथे वीरशैव परंपरेतले अभंग समूहाने गाइले जातात. मराठवाड्यातल्या उर्दू शाळांत सकाळची दुआ मुले एका सुरात म्हणतात. या टापूतल्या मुलाला समूहगायन शिकण्यासाठी कुठे लांब जावे लागत नाही. ते चालायला लागते तेव्हापासूनच मोठ्यांच्या गाण्याच्या मध्यभागी असते.

युरोपातल्या नामांकित बालवृंदांशी तुलना केली की या गोष्टीचे वेगळेपण कळते. लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमधला मुलांचा गायकवृंद १२१२ पासूनचा, व्हिएन्नाचा १४९८ पासूनचा. या वृंदांत मूल साधारण आठ-नऊ वर्षांचे झाल्यावर, परीक्षा घेऊन दाखल करून घेतात. त्याच्या आधीच्या वयासाठी तिथे घर आणि बालवाडी असते. हरिपाठाच्या रांगेला असा उंबरठा नाही. चार वर्षांचे मूल शेवटच्या टोकाला उभे राहते, चुकीच्या मात्रेवर टाळ मारते, मध्येच बसते, पुन्हा उठते, आणि त्याला कोणी बाहेर काढत नाही. हे या परंपरेचे मोठेच बळ आहे. मात्र ज्या परंपरेत मुलाला परीक्षेशिवाय जागा मिळते, तिथे त्याच्या गळ्याची जबाबदारीही मोठ्यांनीच घ्यावी लागते, आणि ती घेताना गळ्याची घडण ठाऊक असावी लागते.

नवजात बाळाचे स्वरतंतू जेमतेम अडीच ते तीन मिलिमीटर लांब असतात. प्रौढ स्त्रीचे अकरा ते पंधरा आणि प्रौढ पुरुषाचे सतरा ते एकवीस मिलिमीटर असतात. फरक केवळ लांबीचा नसतो. मोठ्या माणसाच्या स्वरतंतूला आधार देणारे आतले थर मुलाच्या गळ्यात पुरते तयार झालेले नसतात, ती घडण वयात येईपर्यंत चालू राहते. स्वरयंत्र मानेत वरच्या बाजूला असते, छातीचा पिंजरा लहान असतो, आणि मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला बारा-सोळा वेळा होत असेल तर चार-पाच वर्षांच्या मुलाचा वीस-पंचवीस वेळा होतो. म्हणून या वयाचा खरा गाता आवाज हलका, पातळ आणि थोडा हवा मिसळलेला असतो. तो मोठा करायला सांगितले की मूल ओरडते, कारण आवाज वाढवण्याचा दुसरा मार्ग त्याच्यापाशी नसतो. रोज ओरडणाऱ्या मुलांच्या स्वरतंतूंवर गाठी येतात, आवाज बसका होतो, आणि ही तक्रार मुलींपेक्षा मुलांत जास्त दिसते. ‘जोरात म्हणा’ ही शाळेत आणि देवळात दोन्हीकडे सर्रास दिली जाणारी सूचना आहे. त्या एका सूचनेने बाकीची सगळी मेहनत वाया जाते.

गाणे मुलाच्या अंगी येण्याला एक क्रम आहे. आधी शब्द येतात, मग त्यांची लय, मग चालीचा चढउतार, आणि नेमका सूर सगळ्यात शेवटी. तीन वर्षांचे मूल शब्द नीट म्हणते आणि सूर बोलण्यासारखाच ठेवते. चौथ्या-पाचव्या वर्षी चाल कुठे वर जाते, कुठे उतरते हे त्याला जमू लागते, पण गाणे सुरू असताना मूळ सा कधी सुटला हे त्याला कळत नाही. सहाव्या-सातव्या वर्षी बहुतेक मुले सूर धरतात. काहींना आणखी दोन वर्षे लागतात. या क्रमातल्या मागच्या पायरीवर असलेले मूल बेसूर ठरवणे म्हणजे न बोलणाऱ्या दहा महिन्यांच्या बाळाला मुके ठरवण्यासारखे आहे.

तरीही हे रोज घडते. स्नेहसंमेलनाची तालीम चालू असते, एक आवाज खाली राहतो, आणि त्या मुलाच्या कानाशी सांगितले जाते: तू नुसते ओठ हलव. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, कार्यक्रम चांगला व्हावा एवढेच असते. पण मुलापर्यंत पोहोचतो तो निकाल, आणि अनेकांच्या बाबतीत तो जन्मभर टिकतो. ‘मला गाता येत नाही’ असे म्हणणाऱ्या मोठ्या माणसांना मूळ आठवायला सांगितले तर कितीतरी जण असाच एखादा वर्ग सांगतात. अशा मुलाला खरी गरज असते ती जागेची. एका बाजूला सुरात गाणारी मुलगी, दुसऱ्या बाजूला शांत आवाजाचा मुलगा आणि समोर ताई अशी जागा दिली की काही आठवड्यांत बहुतेक मुले आपणहून सुरावर येतात. जे मूल येत नाही त्याचे कान तपासावेत. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे द्रव साठतो आणि ऐकू कमी येते, आणि असे मूल घरात टीव्ही मोठा लावते, हाक मारली तर वळत नाही, गाताना सूर गाठत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करते. गाण्याच्या तासात आलेली शंका त्या पथकाला सांगणे हे अंगणवाडीताईच्या हातातले आणि फार मोलाचे काम आहे.

पट्टीचा प्रश्न वारकरी गावांत विशेष महत्त्वाचा आहे, म्हणून तो सविस्तर पाहावा लागतो. वारकरी भजनाची पट्टी उंच असते. पेटीवरची काळी चार, काळी पाच हे नेहमीचे सा. तयारीच्या पुरुषाच्या गळ्यात त्या उंचीवर जे तेज येते त्याला तोड नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा सोयीचा पल्ला मात्र पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून वर पाच-सहा स्वरांचा असतो. आता काळी चारचा सा धरून एखादी चाल सा ते प यांतच फिरत असेल, तर मुलाला दोनच वाटा उरतात. खालचा सा धरला तर आवाज घोगरा होऊन बोलण्यावर येतो, वरचा धरला तर किंकाळी फुटते. तीच चाल पंचमाच्या आसपास आणि वरच्या सा पर्यंत खेळणारी असेल तर मात्र मुले त्याच पट्टीत सहज गातात. म्हणजे नुसती पट्टी पाहून चालत नाही, चाल त्या पट्टीत कुठे वस्ती करते तेही पाहावे लागते. केवळ मुलांचा गट असेल तेव्हा पांढरी दोन किंवा काळी दोनचा सा धरून सा ते प मध्ये फिरणारी चाल घ्यावी, वर धैवतापर्यंत जावे, आणि सा च्या खाली एखाद्या स्वरापलीकडे उतरू नये. शाळेतले राष्ट्रगीत असो वा २०२३ पासून राज्यगीत झालेले राजा बढे यांचे ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ असो, सुरुवात करणाऱ्याच्या गळ्यावर सगळ्यांचे नशीब ठरते. पेटीचा एक स्वर किंवा मोबाईलवरच्या तानपुऱ्याचा सा आधी दोन श्वास ऐकवला तरी निम्मी बेसूरता तिथेच थांबते.

दुसरी गोष्ट नमुन्याच्या आवाजाची. लहान मुलांना दुसऱ्या मुलाचा आवाज सगळ्यात सहज पकडता येतो, त्यानंतर स्त्रीचा, आणि पुरुषाचा सगळ्यात अवघड जातो, कारण तो एक सप्तक खाली असतो आणि मूल तो जसाच्या तसा गाठायला जाते. गुरुजींनी शिकवूच नये असा याचा अर्थ नाही. गुरुजींनी एकदा गावे, मग सुरात असलेल्या एका मुलीला तीच ओळ म्हणायला सांगावी आणि बाकीच्यांनी तिच्यामागे म्हणावे. हरिपाठाला येणाऱ्या मोठ्या मुलांकडूनही हे काम उत्तम होते. दहा वर्षांच्या मुलाने सहा वर्षांच्याला शिकवलेली चाल पक्की बसते.

हरिपाठाच्या रचनेत लहान मुलांसाठी किती सोयी आपोआप आहेत, हे त्याकडे गाण्याचा पाठ म्हणून पाहिल्यावर दिसते. ज्ञानेश्वरांच्या हरिपाठाचे सत्तावीस अभंग रोज त्याच क्रमाने म्हटले जातात. मुलाला आज नवे काय येणार याची धास्ती नसते, आणि उद्या तेच पुन्हा ऐकायला मिळणार असते. मोठ्या अभंगाच्या चरणात सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरे पडतात. सहा अक्षरे म्हणजे चार वर्षांच्या मुलाच्या एका श्वासाचे माप. तेवढे म्हणून ते थांबते, श्वास घेते आणि पुढचे सहा उचलते. बहुतेक रूढ चाली चार-पाच स्वरांतच फिरतात आणि एका अक्षराला एकच स्वर येतो, त्यामुळे शब्द आणि सूर एकत्र लक्षात राहतात. आठ मात्रांचा भजनी ठेका पायांतून अंगात शिरतो. एक पाऊल पुढे, एक मागे ही पावली जमली की हातातला टाळ मागाहून जमतो. आणि प्रत्येक चरणानंतर धृपद परत येते. ज्याला बाकी काही येत नाही त्यालाही धृपद येते, आणि ते आले की आपण सगळ्यांत सामील झालो ही जाणीव मुलाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते.

मराठीत समूहाने साथ देणाऱ्याला झीलकरी म्हणतात. गोंधळात, पोवाड्यात, कीर्तनात मुख्य गाणारा ओळ सोडतो आणि झीलकरी ती उचलतात. लहान मुलाची समूहगायनातली पहिली भूमिका हीच असावी. पूर्ण गाणे पाठ करून मंचावर उभे राहणे ही फार पुढची पायरी आहे. एकनाथांच्या भारुडांत, अश्विनातल्या हादग्याच्या आणि भुलाबाईच्या गाण्यांतही हीच सोय आहे. एखादी मोठी मुलगी प्रत्येक वेळी नवा शब्द घालते आणि बाकीच्या मुली फेर धरून तीच ओळ परत म्हणतात. पाठांतराचा भार एकाच्या डोक्यावर राहतो, गाण्याचा आनंद सगळ्यांना मिळतो.

याच परंपरेत काही गोष्टी लहानांना बाधतात, त्याही स्पष्ट सांगायला हव्यात. देवळाच्या बंदिस्त सभामंडपात पखवाजाच्या अगदी जवळ, ध्वनिक्षेपकासमोर उभ्या असलेल्या मुलाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. त्याच्या कानावर फक्त मोठ्यांचा गजर आदळतो आणि ते त्याच्या बरोबरीने ओरडायला लागते. पितळी टाळ लहान हाताला जड असतो आणि त्याचा नाद कानाच्या उंचीवरच घुमतो. सप्ताहात रात्री उशिरापर्यंत मुलांना जागवून गायला लावणेही गळ्याला सोसत नाही. यावर उपाय सोपे आहेत. लहानांची रांग पखवाजापासून लांब ठेवावी, त्यांना टाळाऐवजी चिपळ्या किंवा हातांची टाळी द्यावी, आठवड्यातून एक-दोन दिवस हरिपाठाचे पहिले दोन-तीन अभंग फक्त मुलांनी, ध्वनिक्षेपकाशिवाय, मुलांच्या पट्टीत म्हणावेत आणि मोठ्यांनी त्या वेळी ऐकावे. मोठ्यांनी ऐकणे हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. चाळीस माणसे गप्प बसून आपला आवाज ऐकत आहेत हे कळले की मूल आपोआप आवाज सावरते.

मराठी बालशिक्षणाच्या इतिहासात या विचाराला आधार सापडतो. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला आणि माँटेसरींच्या पद्धतीला गुजराती-मराठी मातीत रुजवले. ताराबाईंनी अनुताई वाघ यांच्या सोबतीने १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, ते पुढे १९५७ मध्ये कोसबादच्या टेकडीवर गेले. पाड्यावर, मुलांच्या अंगणात जाऊन भरवलेल्या त्या वर्गांतून अंगणवाडी ही कल्पना आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ती देशभर नेली. माँटेसरींच्या पद्धतीत मौनाचा खेळ असतो. सगळी मुले काही क्षण अगदी स्तब्ध बसतात आणि बाहेरचे बारीक आवाज ऐकतात, मग शिक्षिका एकेकाचे नाव हलक्या आवाजात घेते. गाण्यापूर्वी हा खेळ खेळला तर त्यानंतरचे गाणे वेगळेच होते, कारण कान आधीच जागे झालेले असतात.

हंगेरीत झोल्तान कोदाय या संगीतकाराने हाच धागा वेगळ्या बाजूने धरला. मुलांचे गायकवृंद आणि बालवाडीतले संगीत या विषयांवर त्याने १९२९ आणि १९४१ मध्ये लिहिले. शाळेत दिले जाणारे गाणे उत्तम दर्जाचे आणि मुलाच्या स्वतःच्या मातृभाषेतल्या लोकगीतांतून आलेले असावे हा त्याचा आग्रह होता. त्याच्या विचारावर उभी राहिलेली पहिली संगीत प्राथमिक शाळा १९५० मध्ये केचकेमेट गावात सुरू झाली. या पद्धतीत सा जागा बदलू शकतो, म्हणजे आपल्या सरगमसारखीच ती चालते. पहिला धडा दोन स्वरांचा असतो आणि ते आपल्या प आणि ग एवढ्या अंतरावर असतात. हे दोन स्वर कुठून आले हे नेकनूरच्या गल्लीतही ऐकायला मिळते: मूल अंगणातून आईला किंवा मित्राला लांबून हाक मारते तेव्हा आवाज बहुधा याच अंतराने खाली उतरतो. त्या हाकेतला आवाज ओरडण्याचा नसतो, वरच्या हलक्या गळ्याचा असतो. गाण्याचा आवाज शोधायला यापेक्षा चांगली सुरुवात नाही.

वीस मिनिटांचा एक तास प्रत्यक्षात असा दिसतो. मुले गोल बसलेली असतात, पंधराच्या आसपास. जास्त असतील तर मदतनीस ताई अर्ध्यांना चित्रे काढायला घेऊन बसतात. आधी मौन. मग हाकेचा खेळ: ताई प–ग वर एका मुलाचे नाव घेतात आणि ते मूल त्याच सुरात ‘आले’ म्हणते. ज्याचा सूर खाली पडतो त्याला कोकिळेचा किंवा घाट चढणाऱ्या एस.टी.चा आवाज काढायला सांगतात. आवाज खालून वर सरकताना वरचा गळा त्याला सापडतो आणि त्याच क्षणी पुन्हा नाव घेतले की ते सुरावर येते. नंतर नवे गाणे. ताई ते दोनदा पूर्ण गातात, मुले फक्त ऐकतात. तिसऱ्या वेळी मुले मांडीवर ठेका धरतात. चौथ्या वेळी फक्त धृपद म्हणतात. बाकीच्या ओळी ताईच म्हणतात, आणि त्या आठवडाभर तशाच राहिल्या तरी चालते. मुले गात असताना ताई गप्प असतात, हा या तासातला सगळ्यात कठीण नियम. मुलांबरोबर मोठ्याने गाणारी शिक्षिका त्यांना ऐकू शकत नाही आणि मुलेही एकमेकांना ऐकू शकत नाहीत. शेवटी सगळ्यांना येणारे जुने गाणे, उभे राहून, पावली घालत. चालताना गायलेले गाणे या वयात बसून गायलेल्यापेक्षा सुरात होते.

कार्यक्रमाचा विचार या सगळ्यानंतर येतो. मुलांना गाऊन दाखवायला आवडते, आणि गावाने ऐकावे ही त्यांची इच्छा खरी असते. तिचा मान राखायचा तर कार्यक्रम रोजच्या तासासारखाच असावा. तीच उभे राहण्याची जागा, तोच सा, तीच ताई समोर खाली बसलेली. दोन गाणी, सगळे मिळून सहा-सात मिनिटे. सकाळची वेळ. आधी पाणी आणि लघवीला जाऊन येणे, हे सूत्रसंचालनापेक्षा महत्त्वाचे. अर्धवर्तुळात उभे केले की मुले एकमेकांना ऐकतात, सरळ लांब रांगेत टोकाची मुले एकटी पडतात. ध्वनिक्षेपक लागलाच तर एक, गटापासून हातभर दूर. तो एका मुलाच्या हातात दिला की गट संपतो. मंचाची ओळख आदल्या दिवशी करून द्यावी, तिथे उभे राहून एकदा गाऊ द्यावे. एखादे मूल रडले, मागे वळले, आईकडे पळाले तर जाऊ द्यावे.

स्नेहसंमेलनात वाजणाऱ्या तयार ध्वनिमुद्रणाबद्दल वेगळे बोलले पाहिजे. ध्वनिमुद्रित गाणे मोठ्या माणसाच्या पट्टीत आणि न थांबणाऱ्या लयीत असते, मुले त्याच्यावर हातवारे करतात आणि ओठ हलवतात. नृत्य म्हणून ते आनंदाचे आहे. गाण्याची जागा मात्र ते घेऊ शकत नाही. पंधरा मुलांचा खराखुरा पातळ आवाज मैदानात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणार नाही म्हणून तो झाकून टाकण्यापेक्षा लोकांना जवळ बसवावे. स्पर्धाही सात वर्षांखालच्या गटांत नसलेल्या बऱ्या. सत्तावीस अभंग कोणाला आधी पाठ होतात याची चढाओढ लावली की मुले वेगाने पुटपुटतात आणि सूर कोणालाच आठवत नाही.

बीड जिल्ह्यात मुलांचा गट बांधताना एक गोष्ट टाळून चालत नाही, ती म्हणजे ऊसतोडणी. दसरा-दिवाळीनंतर कोयते, म्हणजे ऊसतोड मजूर, कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. शाळेत जाणारी काही मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांपाशी राहतात, पण सहा वर्षांखालची बहुतेक आईबापांसोबत जातात. अंगणवाडीतला गट नोव्हेंबरात अर्ध्यावर येतो. स्नेहसंमेलने आणि २६ जानेवारीचे कार्यक्रम नेमके याच काळात होतात, म्हणजे आईबापांसोबत ऊसतोडीला गेलेली मुले गावाच्या मंचावर कधीच दिसत नाहीत. हे बदलणे अवघड नाही. जूनमध्ये शाळा उघडताच गाणे सुरू करावे. आषाढीच्या बालदिंडीत फक्त धृपदे आणि नामघोष ठेवावा, कारण उन्हात चालताना मुलांना त्यापुढे झेपत नाही. १५ ऑगस्टला एक गाणे. आणि मुलांचा मुख्य कार्यक्रम १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजवंदनानंतर करावा. तेव्हा सगळी मुले गावात असतात आणि तीन महिन्यांची तयारी झालेली असते. पाच-सहा गाणी पक्की झालेली मुले ती आपल्याबरोबर फडावर नेतात. कोपीतल्या, म्हणजे फडावरच्या झोपडीतल्या, मुलाकडे पुस्तक किंवा टीव्ही नसेल, पण गाणे असते आणि तिथल्या इतर मुलांनाही ते शिकवता येते. पाडव्यानंतर ती परत आली की नव्या गाण्यापेक्षा जुन्याच गाण्यांपासून सुरुवात करावी. त्यांना लगेच सामील होता येते आणि मागे पडल्याची भावना येत नाही.

सात-आठ वर्षांच्या पुढे कामाचे स्वरूप बदलते. आता श्वास लांबतो, पल्ला वरच्या सा पर्यंत जातो, टाळ ठेक्यात वाजतो. एक गट ओळ सुरू करतो आणि दुसरा गट चार मात्रांनी तीच ओळ उचलतो, असे दुहेरी गाणे या वयात रंगते. त्याआधी ते लादले तर दोन्ही गट एकमेकांना ओढून नेतात. ज्या मुलांना ओढ असते ती पखवाजाकडे, पेटीकडे वळतात, काही आळंदीला जातात. मुलींसाठी मात्र याच वयात वाट अरुंद होऊ लागते. घरची कामे वाढतात आणि संध्याकाळच्या रांगेतली त्यांची संख्या घटते. आता गावोगाव महिलांची हरिपाठ मंडळे उभी राहत आहेत. अंगणवाडीत सूर धरलेल्या मुलीला आठव्या वर्षी त्या मंडळात आईशेजारी किंवा आजीशेजारी उभे राहण्याची ठरलेली जागा मिळाली, आणि आठवड्यातून एक दिवस तिथली पट्टी तिच्या गळ्याला झेपेल अशी ठेवली, तर तिचे गाणे सुटत नाही.